देवघरापर्यंत पोचलेलं बाळ

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत देव पाटावर किंवा चौरंगावर, जमिनीपासून हातभर उंचीवर मांडलेले असतात. मांडी घालून पूजा करणाऱ्या मोठ्या माणसाला ही उंची सोयीची. रांगत्या लेकराला तर ती फारच सोयीची. चकाकणारी समई, वाजणारी घंटा, लालभडक कुंकू, सुटी फुलं, तांब्यात पाणी, वाटीत खडीसाखर... बाजारातल्या कुठल्याही खेळण्यांच्या पेटीत एवढी विविधता मिळणार नाही. त्यामुळे लेकरू रांगायला लागलं, की त्याचा मोर्चा चार दिवसांत देवघराकडे वळतो आणि घरातून ओरडा येतो, ‘अरे अरे, देवाला हात लावू नको!’

त्याच देवघरात एक गुडघा टेकून, हातात लोण्याचा गोळा घेऊन रांगणारा बाळकृष्ण असतो. बहुतेक वेळा तो अन्नपूर्णेसोबत सुनेच्या माहेरून आलेला. त्याला आपण रोज न्हाऊ घालतो आणि घरात खरोखर रांगणारं आहे त्याला हटकतो. माझं म्हणणं सरळ आहे: लेकराला देवघरापासून तोडू नका, देवघर आणि सगळं घर त्याच्या अंगाने पुन्हा लावा. एकदा दोन तास घाला, म्हणजे दिवसातून पन्नासदा ‘नको’ म्हणावं लागणार नाही.

आधी एक शंका मिटवू. ‘आमचं अजून रांगत नाही’ किंवा ‘शेजारचं चालायला लागलं’ असली तुलना आपल्याकडे सर्रास होते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास करून २००६मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यानुसार आधाराविना चालणं कुणाला आठव्या महिन्यात जमतं, तर कुणाला सतराव्या. शंभरातली चारेक मुलं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. त्यामुळे तारखा मोजत बसू नका. नवव्या-दहाव्या महिन्यात मात्र एक गोष्ट बहुतेक सगळ्यांना साधते: अंगठा आणि तर्जनीची चिमूट. त्या दिवसापासून जमिनीवर पडलेला साबुदाणा, मोती, टिकली, तुटलेलं बटण यांतलं काहीही सुरक्षित नाही, कारण चिमटीत आलेली वस्तू पुढच्या क्षणी तोंडात जाते. तोंड हे या वयात तपासण्याचं साधन आहे.

आणि वस्तू खाली टाकणं? वाटी टाकली, तुम्ही उचलून दिली, पुन्हा टाकली. हा हट्ट नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांनी अकरा महिन्यांच्या बाळांना अशक्य वाटावीत अशी दृश्यं दाखवली. एक खेळणं भिंतीतून आरपार गेल्यासारखं दिसलं, दुसरं हवेत तरंगल्यासारखं. नंतर ती खेळणी हातात दिल्यावर पहिल्या प्रकारातल्या बाळांनी खेळणं आपटून पाहिलं, दुसऱ्या प्रकारातल्यांनी खाली टाकून पाहिलं. ज्या गोष्टीने चकवलं तिचीच परीक्षा! २०१५मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे काम छापून आलं. तेव्हा सातव्यांदा वाटी उचलून देताना एवढं लक्षात ठेवा, की समोर काहीतरी शोधलं जातंय. कंटाळा आला तर वाटी बदला, काचेच्या जागी स्टीलची द्या.

आता देवघर. जमिनीवर, लेकराच्या उंचीला बसून एकदा नीट पाहा. सगळ्यात आधी हलवायचा तो कापूर. पांढरा, वासाचा, साखरेच्या खड्यासारखा दिसणारा कापूर थोडासा पोटात गेला तरी लहान बाळाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात. तो घट्ट झाकणाच्या डबीत, उंच फडताळात ठेवा. तसल्याच दिसणाऱ्या डांबरगोळ्या साड्यांच्या ट्रंकेत असतात, त्यांचीही तीच व्यवस्था. दुसरा शेंदूर. त्यात शिशाची किंवा पाऱ्याची संयुगं असू शकतात. गावच्या मारुतीला नेल्यावर लेकराचा तळहात शेंदराला लागतोच, तो लगेच साबणाने धुवा. बाजारी कुंकवातल्या रंगांचाही भरवसा नाही. करंडा वर ठेवा आणि लेकराच्या कपाळी हळदीचं बोट लावा.

फुलांविषयी फारसं कुणी बोलत नाही. झेंडू, जास्वंद, दूर्वा, बेल, तुळस यांची धास्ती बाळगू नका. पाकळी घशाला चिकटणार नाही एवढं पाहिलं की झालं. पण कण्हेर, मग ती लाल असो, पांढरी असो की पिवळी, सगळीच विषारी आहे आणि हृदयावर परिणाम करते. महाशिवरात्रीला वाहिलेल्या धोतऱ्याच्या फळातलं बी विषारी. शनिवारी मारुतीला घातलेल्या रुईच्या माळेचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला इजा होते. देवाला वाहू नका असं मी म्हणत नाही. ती फुलं-पानं मंदिरात वाहा, घरातल्या चौरंगावर ठेवू नका. निर्माल्याची टोपलीही लेकराच्या वाटेतून काढा.

समई आणि निरांजन जळत असताना माणूस तिथून उठणार नाही, हा नियम करा. आरती संपली की ज्योत शांत करायची किंवा दिवा भिंतीवरच्या फळीवर ठेवायचा. अखंड नंदादीपाची प्रथा असेल, नवरात्रातला दिवा असेल, तर त्या खोलीला दाराशी गुडघ्याएवढी फळी आडवी लावा. उदबत्तीचा आणि धुपाचा धूर बंद खोलीत कोंडू देऊ नका. नव्या बाळाला ओवा-वेखंडाची धुरी देणाऱ्या घरांनी तर ती बंदच करावी. छोट्या फुप्फुसांना धूर तो धूरच, औषधी असो की नसो.

एवढं आवरलं की उरतं ते सगळं लेकराला देता येतं. एक उथळ ताम्हण घ्या. त्यात लाकडी पळी, पितळेची छोटी वाटी, एक झेंडू, घासून गुळगुळीत केलेला नारळ आणि लोळी पक्की असलेली घंटा ठेवा. लोळी म्हणजे आत लटकणारा लोलक, ती ओढून पाहा, सैल असेल तर ती घंटा नको. पूजेच्या वेळी हे ‘त्याचं ताम्हण’ शेजारी मांडा. तुम्ही घंटा वाजवलीत की तेही वाजवेल. साधारण नवव्या-दहाव्या महिन्यात ‘जय बाप्पा’ म्हटल्यावर हात जोडायला लागतं, आरतीला टाळ्या पिटतं. यात भक्ती किती ते देव जाणे. पण दुसऱ्याचं पाहून तसंच करणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, आवाजाला ताल असतो हे कळणं, या भाषेच्या आणि समजेच्या पायऱ्या आहेत. ओव्या म्हणणारी आजी घरात असेल तर तिला बोलतं करा. मोबाइलवरच्या बालगीतांपेक्षा समोरच्या माणसाचा हलणारा ओठ लेकराला जास्त शिकवतो. एक वर्षाआतल्या मुलांना पडदा दाखवूच नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. घास भरवताना मोबाइल पुढे धरणाऱ्या आजोबांना हे जरा प्रेमाने सांगावं लागतं.

‘नैवेद्य उष्टा केला’ यावरून काही घरांत वाद होतात. संत नामदेवांचं नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १ मे १९९९ला तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ते परभणीतच होतं. आणि त्यांच्या घरी राबलेली जनाबाई आपल्या गंगाखेडची. विठ्ठलाने समोर बसून जेवावंच असा हट्ट धरणाऱ्या लहानग्या नामदेवाची गोष्ट या मातीत कुणाला सांगायला नको. देव त्या हट्टापुढे जेवला असं आपण श्रद्धेने ऐकतो. तेव्हा लेकराने पुरणात बोट घातलं म्हणून सुनेला बोलायचं कारण नाही. फार वाटलं तर नैवेद्याचं ताट आधी वेगळं काढून ठेवा.

तीर्थ-प्रसादात मात्र खरी जोखीम आहे. पंचामृतात मध असतो आणि वर्षाआतल्या बाळाला मध द्यायचा नाही. चमचाभर नाही, बोटभरही नाही. मधात कधीकधी असे जिवाणूंचे बीजाणू असतात, की मोठ्या माणसाच्या पोटात ते काही करत नाहीत, पण बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि स्नायू लुळे पडतात. जन्मल्यावर मध-सोनं चाटवण्याच्या रिवाजालाही हेच लागू. सत्यनारायणाचं तीर्थ बाळाच्या कपाळाला लावा, तेवढ्याने पुण्य उणं होत नाही. प्रसादाचे शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, साखरफुटाणे, डाळं, खडीसाखर यांतलं काहीच लेकराच्या हाती देऊ नका. अख्खे शेंगदाणे आणि चणे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत नकोतच. श्वासनलिकेत अडकणाऱ्या वस्तूंत त्यांचा नंबर फार वरचा.

यावरून बोरन्हाण. संक्रांत ते रथसप्तमी या काळात काळं झबलं, हलव्याचे दागिने घालून लेकराला पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, शेंगा, चुरमुरे ओतायचे. मुलांनी लुटायचं. सुंदर सोहळा आहे, तो मोडू नका. फक्त ओतायच्या मापात चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या भरा. बोरं, शेंगा, गोळ्या मोठ्या मुलांच्या ओटीत वेगळ्या घाला. हलव्याचे दागिने दोऱ्यात ओवलेले असतात, म्हणून फोटो झाला की लगेच उतरवा. आणि जानेवारीत परभणीत कडाका असतो, काही वर्षी पारा पाच अंशांखाली गेलेला आहे. सोहळा दुपारच्या उन्हात करा.

भाद्रपदात महालक्ष्म्या येतात. ज्येष्ठा-कनिष्ठा, त्यांची पिलवंडं, वर टांगलेला फुलोरा, फराळाच्या राशी, विजेच्या माळा. लोखंडी स्टँडवरच्या उभ्या मूर्तीला नेसवलेल्या साडीचा पदर जमिनीपर्यंत येतो. उभं राहू पाहणारं लेकरू तोच धरून उठतं आणि वरून पितळी मुखवटा येतो. स्टँड भिंतीला तारेने बांधा, साडीचा घोळ मागे खोचा, माळांच्या वायरी भिंतीलगत वर घ्या.

पण सणावारी सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे गर्दी. घरात वीस माणसं असतात आणि प्रत्येकाला वाटतं, की लेकराकडे दुसऱ्या कुणाचं तरी लक्ष आहे. एकटी आई असते तेव्हा ती निदान सावध असते. यावर एकच उपाय मला कामाचा वाटतो: लेकरू हातातून हातात देताना तोंडाने बोलायचं. ‘काकू, आता तुमच्याकडे.’ काकूंनी ‘हो’ म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. आणि काही झालंच, तर ‘आईचं लक्ष नव्हतं’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. त्या वेळी लेकरू ज्याच्याकडे दिलं होतं, त्याचं लक्ष नव्हतं.

आजी आणि सून यांच्यातल्या ओढाताणीबद्दल स्पष्ट लिहिते. सगळ्या लढाया लढू नका. दृष्ट काढायची आहे? काढू द्या, फक्त मिरच्या अंगणात जाळा. तीट हवी? गालाऐवजी तळपायाला किंवा कानामागे लावा. डोळ्यांत काजळ मात्र नको; त्यात शिसं असण्याची शक्यता असते आणि बोटाने डोळ्याला संसर्ग होतो तो वेगळाच. करदोटा कमरेला चालेल, गळ्यात काळा दोरा नको, तो कशातही अडकून फास बसू शकतो. वाळ्या-मनगट्यांची घुंगरं दर आठवड्याला ओढून पाहा. घुटी पहिल्या सहा महिन्यांत नको, नंतर द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि मे महिन्यात पारा ४४-४५वर गेला, तरी सहा महिन्यांआतल्या बाळाला वरचं पाणी नको. आईच्या दुधात पाणी असतं. पाणी, लिंबूपाणी, ताक हे सगळं त्या आईला पाजा, तिला चार वेळा जास्त दूध पाजू द्या. आजींना ‘तुम्हाला कळत नाही’ म्हणून हे पटत नाही. लसीकरणाच्या दिवशी त्यांना सोबत न्या आणि नर्सताईंनाच सांगू द्या.

उष्टावण सहा महिने पूर्ण झाल्यावर करा. चांदीच्या वाटीतली खीर चाटवून झाली, की दुसऱ्या दिवशीपासून मऊ वरण-भात, उकडून कुस्करलेलं रताळं, ज्वारीच्या पिठाची पातळ पेज सुरू करा. वर्षापर्यंत मीठ-साखर घालू नका. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था यांनी २०१८मध्ये आणलेल्या ‘परभणी शक्ती’ या ज्वारीत लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेलं आहे. शेतात किंवा नात्यात असेल तर तीच दळा. लेकराला हाताने खाऊ द्या. अर्धं जमिनीवर जाईल. खाली जुनी साडी अंथरा. काही घरांत उष्टावणाच्या दिवशी पुस्तक, पेन, सोनं, माती समोर मांडून लेकरू काय उचलतं ते पाहतात. ते जास्त चकाकणारं उचलतं, एवढाच त्याचा अर्थ.

माती खाणं ही कृष्णाची लीला म्हणून कौतुकाची गोष्ट असली, तरी चव बघण्यापुरती माती खाणं वेगळं आणि रोज भिंतीचे पोपडे, माती, खडू शोधून खाणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात अंगात लोह कमी असण्याचा संभव असतो. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलीलीटर लोहाचं औषध सरकारी योजनेतून मिळतं, आशाताईंकडे मागा. वर्ष पूर्ण झालं, की जंतनाशक दिवशी अंगणवाडीत अर्धी गोळी कुटून पाजून घ्या.

आता बाकीचं घर. परभणीसारख्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघर पिंपं, टाक्या, हौद भरलेले असतात. बाळ बुडायला विहीर लागत नाही. बादलीत वीतभर पाणी पुरतं, कारण त्याचं डोकं जड असतं आणि वाकल्यावर परत उठता येत नाही. पिंपांना घट्ट झाकणं, बादल्या रिकाम्या आणि पालथ्या, न्हाणीला बाहेरून कडी. उन्हाळ्यात लोखंडी कूलर बाहेर निघतो. सुरू करण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, चालू कूलरमध्ये पाणी भरू नका आणि त्याच्यापुढे बाज आडवी टाका.

खेड्यात शेती घरातच राहते. कपाशीच्या फवारणीचं औषध, रंगीत लेप दिलेलं बियाणं, उंदरांची गोळी हे सगळं कुलपात हवं. औषधाच्या रिकाम्या बाटलीत रॉकेल किंवा गोडेतेल भरून ठेवण्याची सवय सोडाच. पऱ्हाट्यांचा ढीग, गोवऱ्या, दगडी भिंतीच्या फटी इथे विंचू असतो. लेकरू एकाएकी किंचाळलं, घाम फुटला, हातपाय गार पडले, तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका, तडक प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं, हे शेजारच्या जालना जिल्ह्यात वाढलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडमध्ये रुग्णसेवा करताना दाखवून दिलं. त्या कामासह त्यांच्या सेवेसाठी २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

चालायला शिकवण्यासाठी चाकांचा वॉकर आणू नका. त्याने चालणं लवकर येत नाही, आणि लेकरू क्षणात उंबऱ्यावरून कोसळतं. कॅनडाने २००४मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. आपला लाकडी पांगुळगाडा बरा. त्यात लेकराला स्वतः उभं राहून ढकलावं लागतं. जत्रेत मिळतो, गावातला सुतार करून देतो.

‘नको’ हा शब्द विस्तव, पाणी, वीज आणि विष या चौघांसाठी राखून ठेवा. तिथे आवाज खालचा पण ठाम, आणि लगेच उचलून दुसरीकडे. बागुलबुवा, पोलीस, ‘देवबाप्पा मारील’ यांची भीती घालू नका. ज्या देवापुढे उद्या हात जोडायला सांगणार, त्याला आज मारकुटा कशाला करता? गरम म्हणजे काय हे शिकवायचं असेल, तर सोसवेल इतक्या कोमट पेल्याला बोट लावून ‘चटका’ म्हणा. दोनतीनदा केलं की चुलीकडे बोट दाखवून ते स्वतःच तसं काही बोलेल.

काळजी घेऊनही कधी काही होतंच, तेव्हाचं थोडक्यात. भाजलं तर वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही नाही. घशात काही अडकलं आणि आवाज निघत नसेल, तर वर्षाआतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून खांद्यांच्या मध्ये पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, आलटून पालटून. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, वस्तू आत ढकलली जाते. रॉकेल किंवा औषध पोटात गेलं तर उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा. रुग्णवाहिकेसाठी १०८. हा आकडा दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे शेजारचं पोरगंही लावू शकेल.

आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येणं अपेक्षित आहे. नवव्या महिन्याची भेट महत्त्वाची, कारण तेव्हाच गोवर-रुबेलाची पहिली लस आणि अ-जीवनसत्त्व असतं. त्या दिवशी लेकरू नावाला वळतं का, ‘बाबा-दादा’सारखे आवाज काढतं का, हे त्यांना सांगा. वर्ष उलटूनही बोट दाखवत नसेल, आवाजाला दचकत किंवा वळत नसेल, डोळ्यांत पाहत नसेल, तर ‘यांच्या घरात उशिराच बोलतात’ म्हणत थांबू नका. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. त्याची वाटही न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

दिवाळीला किंवा उन्हाळ्यात आजोळी जाणार असाल तर आदल्या दिवशी तिकडे फोन करा. कापूर आणि फवारणीचं औषध वर उचलायला, हौदावर झाकण टाकायला, जमिनीवरच्या देवांपुढे पाट आडवा लावायला सांगा. मामी रागावणार नाही. आणि ताम्हण सोबत न्या.